क्लिकवर न बसणारी वाट

बजाजनगरात गाणं रेकॉर्ड करायचं तर आधी प्रेस शॉपचं वेळापत्रक पाठ हवं. माझा स्टुडिओ म्हणजे एका रो-हाऊसची मागची खोली. भिंतींवर गोधड्यांचे दोन थर, दाराच्या फटीला रबराची पट्टी, खिडकी विटांनी बुजवलेली. हवेतून येणारा आवाज एवढ्यानं बऱ्यापैकी अडतो. जमिनीतून येणारा अडत नाही. दोन गल्ल्या पलीकडे पत्रा ठोकणारी मोठी प्रेस आहे; तिचा ठोका आपल्या कानांना जाणवत नाही, माइकला मात्र बरोबर सापडतो. फिल्टर लावून तो खालचा धक्का कापता येतो, पण पखवाजाच्या डाव्या पुडीचा, ओली कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा नेमका त्याच पट्टीत राहतो. प्रेस कापली की पखवाजही गेला. म्हणून पखवाजाचं काम शिफ्ट बदलताना, मशिनं थांबलेली असतात तेवढ्या वेळात, नाहीतर सुट्टीच्या रात्री.

१९८५ मध्ये संभाजीनगरजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्यामागे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागे माणसं. बीड, जालना, परभणी, बुलढाणा, खानदेश. येताना प्रत्येकानं एक देव आणि त्याची गाणी आणली. पाथर्डीकडच्या माणसांनी मोहटादेवी आणली, तिचं मंदिर झालं, चौकालाही तिचंच नाव पडलं. मीही असाच आलेल्यांतला. काही वर्षं एका कंपनीत क्वालिटीला होतो, कॅलिपर घेऊन तुकडे मोजायचो, आणि संध्याकाळी मित्राच्या डीजेवर मिक्सर सांभाळायचो. पुढे मोजणं तेच राहिलं, फक्त पत्र्याऐवजी आवाज आला.

अशा वस्तीतल्या स्टुडिओत काय येतं? नवरात्रात देवीची गाणी, एप्रिलमध्ये भीमजयंतीची, गणपतीआधी डीजेवर वाजवायचे ट्रॅक, निवडणुकीत उमेदवारांची गाणी. खोलीचं भाडं खरं तर उमेदवारच भरतात. एरवी कुणाला पोराच्या वाढदिवसाला नाव घातलेलं गाणं हवं असतं. अल्बम कुणी मागत नाही. एक गाणं, एक व्हिडिओ, यूट्यूबवर टाकायचं, संपलं.

म्हणून आबा आले आणि म्हणाले की आठ-नऊ गाण्यांचा एकच माल करायचाय, तुकडे करायचे नाहीत, तेव्हा मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि पंखा वाढवला.

आबा पाटोद्याकडचे. वाळूजमधल्या कंपन्यांत हयात गेली, बराचसा काळ कंत्राटावर. गळा भजनी मंडळात तयार झालेला. भारूड, गौळण, पांगुळ सगळं तोंडपाठ. दरवर्षी ते पैठणहून संत एकनाथांच्या, म्हणजे नाथांच्या, पालखीबरोबर पंढरपूरला जातात. रजा मिळाली तर रजेवर, नाही मिळाली तर बिनपगारी, आणि एका वर्षी तेही जमेना म्हणून नोकरी सोडून. परत आले तेव्हा दुसऱ्या गेटवर कामाला लागले. त्यांनी पालखीच्या वाटेवर स्वतः गाणी रचली होती. पैठणच्या वेशीतून निघण्याचं एक, राक्षसभुवनच्या मुक्कामाचं एक, बालाघाटाच्या चढाचं, पाटोद्याचं, खर्ड्याचं, परांड्याचं, कुर्डूजवळच्या रेल्वेचं, असं करत पंढरपुरापर्यंत. ओळीनं मुक्काम, ओळीनं गाणी. पीएफमधले थोडे पैसे त्यासाठी काढले होते.

नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून हलते. आळंदी-देहूच्या पालख्यांबद्दल वर्तमानपत्रं पानं भरून लिहितात, टीव्हीच्या गाड्या सोबत चालतात. ही पालखी बीड जिल्ह्याच्या कोरड्या भागातून, बालाघाटाची चढण घेऊन, अहिल्यानगर आणि धाराशिवचा तुकडा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात शिरते. जवळपास अडीचशे किलोमीटर. पाऊस वेळेवर आला तर चिखल, नाही आला तर ऊन, आणि बहुतेक वर्षी ऊनच. आबांचं म्हणणं होतं की ह्या वाटेला गाण्यात कुणी घेतलं नाही. ते कितपत खरं हे मला माहीत नाही, पण त्यांना तसं वाटतं एवढं अल्बम करायला पुरेसं होतं.

आता कामाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

कुठलाही रेकॉर्डिस्ट हल्ली पहिल्यांदा क्लिक लावतो. गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये एकसारखा टकटक ठोका जातो, त्यावर आधी ताल, मग गळा, मग कोरस, मग की-बोर्ड असे थर चढतात. सगळे एका घड्याळावर असले की नंतर कापणं, जोडणं, चुकलेली ओळ दुसऱ्या कडव्यातून उचलणं सोपं जातं. स्वस्तातलं काम क्लिकशिवाय होत नाही. एका वेळी सगळ्यांना बसवायला मोठी खोली आणि भरपूर माइक लागतात, ते आमच्याकडे कुठले? आबांनी हेडफोन लावला, भजनी ठेक्यात पहिलं गाणं म्हटलं, एकही मात्रा घसरली नाही. वर्षानुवर्षं मशिनवर काम केलेला माणूस, ठोक्याला चुकतो कशाला. प्लेबॅक ऐकला आणि त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“ह्याला पाय न्हाईत,” ते म्हणाले. “नुसता गळाच म्हणायलाय.”

मला पटलं नाही. तांत्रिकदृष्ट्या टेक उत्तम होता. पण आबांनी पैसे मोजलेले, आणि मला त्या आवाजात काय कमी आहे हे त्यांना शब्दांत सांगता येत नव्हतं. “तू एकदा चल संग,” एवढंच म्हणाले. त्या वर्षी मी रायमोह्यापासून पाटोद्याच्या पुढपर्यंत पालखीबरोबर चाललो, खांद्यावर छोटा रेकॉर्डर आणि त्याच्या माइकला वाऱ्यासाठी केसाळ टोपी. दिंडीतल्या पोरांना ती टोपी फार आवडली.

तिथं जे ऐकलं ते खोलीत बसून कळलं नसतं. दिंडी चालते तेव्हा पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाज आणि वीणा, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. लांबी साठ-सत्तर मीटर सहज होते. आवाजाला हवेतून एवढं अंतर कापायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. चालण्याची गती मिनिटाला शंभर पावलांची धरली तर एक मात्रा होते सेकंदाच्या सहा दशांशांची. म्हणजे पखवाजाचा ठोका शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो तो मात्रेचा तिसरा हिस्सा उशिरानं. ती रांग जे म्हणते ते पुढच्यांना ऐकू येतं आणखी तेवढ्याच उशिरानं. कागदावर हा गोंधळ आहे. प्रत्यक्षात दिंडी फुटत नाही, कारण मागचे टाळकरी कानानं चालतच नाहीत. ते समोरच्याचं पाऊल बघतात, त्याचा टाळ वर कधी जातो ते बघतात. ताल डोळ्यांनी मागे मागे सरकत जातो आणि आवाज त्याच्यामागून लहरत येतो. दिंडीच्या गजराला जी रुंदी असते, एकाच शब्दाला चार कडा असल्यासारखी, ती इथून येते. स्टुडिओत आपण कोरस घासून एका रेषेत आणतो आणि मग रुंदी नाही म्हणून वरून रिव्हर्ब ओततो.

दुसरी गोष्ट गतीची. सपाटीवर भजन शंभरच्या थोडं वर होतं. बालाघाटाची चढण लागली तसं ते नव्वदच्या खाली आलं, आणि कुणी ठरवून आणलं नाही. मुक्कामाचं गाव दिसलं, वेशीवर माणसं दिसली, की पुन्हा वर. पाण्याचा टँकर दिसला तरी वर! ही चढउतार गाण्यात कुठं लिहिलेली नसते, ती वाटेत असते. क्लिकनं नेमकी वाट काढून टाकली होती आणि गाणं तेवढं ठेवलं होतं.

प्रवासातून निघालेल्या अल्बमांचा विचार मी नंतर बराच केला. जगात असे पुष्कळ आहेत. अमेरिकेतला वुडी गथ्री ओक्लाहोमा-टेक्ससच्या धुळीतून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या उद्ध्वस्त शेतकऱ्यांबरोबर रस्त्यावर राहिला आणि १९४० मध्ये व्हिक्टर कंपनीसाठी त्यानं ‘डस्ट बोल बॅलड्स’ रेकॉर्ड केला. एकटा माणूस, गिटार आणि तोंडाशी बाजा. त्यातलं टॉम जोडचं गाणं तबकडीच्या एका बाजूत मावेना, म्हणून मधून तोडून दोन बाजूंना टाकावं लागलं. साधारण तीन मिनिटांची बाजू, लांब वाटेची गोष्ट मावणार कशी? गायिका जोनी मिचेलनं १९७६ मध्ये ‘हेजिरा’ काढला तो मोटारीतून एकटीनं अमेरिका ओलांडतानाच्या गाण्यांचा. तिची गिटार तासन् तास एका वेगानं फिरणाऱ्या चाकांवर बसलेली वाटते. गाडीचा प्रवास क्लिकवर बसवता येतो असं माझं आता मत झालंय. पायी प्रवास बसत नाही.

आपल्याकडे ह्याचं मूळ फार लांब शोधायला नको. अण्णाभाऊ साठे लहानपणी वाटेगावहून घरच्यांबरोबर पायी मुंबईला गेले; गावात मागे राहिलेल्या मैनेची त्यांची छक्कड ज्यांनी ऐकली आहे त्यांना बजाजनगर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढे १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले, त्याचं पुस्तकही झालं, पण वाट गाण्यात आली ती पायांनी तुडवलेली. वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव फिरत राहिले, त्यांची गाणी त्यांच्याआधी पुढच्या गावात पोचलेली असायची. ह्या माणसांच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग ही नंतरची, दुय्यम गोष्ट. १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग ग्रामोफोन कंपनीसाठी हिंदुस्थानात येऊन ध्वनिमुद्रणं करून गेला तेव्हापासून आपल्या गाण्यांना यंत्राच्या मापाचं व्हावं लागलं. तबकडीनं तीन मिनिटं दिली. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली तिनं एका बाजूला अर्धा तास दिला, आणि माझ्या मते लोकगीतांसाठी तो सगळ्यात चांगला काळ होता. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये आख्यान मावायचं, स्वस्तात निघायची, जत्रेत विकली जायची, ट्रकमध्ये घासून घासून संपायची. आता मोबाइलवर वेळेची मर्यादाच नाही, तरी कुणी अर्धा मिनिट थांबत नाही.

पण मोबाइलला नावं ठेवून माझं पोट भरणार नाही, आणि ते न्यायाचंही होणार नाही. संभाजीनगरातल्याच कडुबाई खरात एकतारीवर भीमगीतं म्हणतात. त्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला तो मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओंतून. गोधड्या नाहीत, क्लिक नाही, बाजूला भांडं वाजलेलं, कुणी खोकलेलं सगळं त्यात राहतं. मी ते व्हिडिओ रेकॉर्डिस्ट म्हणून ऐकतो तेव्हा मला चुका दिसतात, आणि तरी ऐकत राहतो. उलट भारुडाचं पाहा. सोंगी भारूड करणारे निरंजन भाकरे सिल्लोडच्या रहिमाबादचे. २०२१ मध्ये कोरोनात गेले. त्यांच्या अंगावरचा घेर, गिरकी, प्रेक्षकांतल्या बाईला मारलेली हाक, ह्यातलं माइकमध्ये काय येणार? भारूड नुसतं ऐकायचं म्हणजे अर्धं. आबांनाही हे माहीत होतं. म्हणून नाथांचं एकच भारूड त्यांनी घेतलं, तेही मुक्कामावर रात्री होतं त्या जागी, बाकी सगळी वाटेचीच गाणी ठेवली.

तर चालणं खोलीत आणायचं कसं? आम्ही रो-हाऊसच्या गच्चीचा जिना, मधला पॅसेज आणि मागची खोली अशी तिन्ही ठिकाणं वापरली. पखवाजवाल्याला बसू दिलं नाही. बसून वाजवला तर पखवाज मांडीवर-गादीवर टेकतो आणि आवाज आत दाबला जातो. गळ्यात पट्टा घालून उभ्यानं वाजवला तर दोन्ही पुड्या मोकळ्या राहतात आणि अंगाच्या हेलकाव्याबरोबर ठोका किंचित मागेपुढे झुलतो. वाटेवरचा आवाज हा असतो. टाळ फार त्रास देतात. काशाचा टाळ हातभर अंतरावर वाजला की कंडेन्सर माइकला सुई टोचल्यासारखं होतं, बाकी सगळं त्याखाली झाकलं जातं. टाळकऱ्यांना पॅसेजच्या टोकाला नेलं, दार अर्धं उघडं ठेवलं. मागचा कोरस जिन्यात. हेडफोन कुणालाच दिले नाहीत. जिन्यातल्यांना पखवाज ऐकू यायचा तो भिंतींवर आपटून, थोडा उशिरा, आणि पॅसेजमधल्या टाळकऱ्याचा हात दिसायचा. त्यांनी हाताकडे बघून म्हणायचं. सत्तर मीटर काही मिळाले नाहीत, पण एकाच वेळी सगळे गायल्यानं आणि कानापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवल्यानं त्या चार कडा थोड्या आल्या.

आबा मात्र माइकसमोर उभे राहिले की चालायचेच. जागच्या जागी पावली टाकायचे, डावं-उजवं, डोकं माइकच्या जवळ-लांब. आधी मी जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीनं खूण केली, ती ते बघायचेच नाहीत. शेवटी त्यांच्या सदऱ्यावर, गळ्याखाली, छोटा कॉलर माइक लावला. त्याचा दर्जा मोठ्या माइकइतका नाही, कापडाची खसखस येते, पण अंतर बदलत नाही. दोन्ही माइकचे ट्रॅक जोडून काम भागवलं. खसखस ठेवली. एका मित्रानं ती काढायचा सॉफ्टवेअरचा उपाय सांगितला, आबांना विचारलं तर म्हणाले, “कामून काढायलास? चालताना सदरा वाजतोच की.”

चढाच्या गाण्यावर वाद झाला, तो कोरसमधल्या मावश्यांनी घातला. बजाजनगरातल्या एका भजनी मंडळाच्या बाया होत्या. कुणी पॅकिंगला, कुणी कॅन्टीनला, एकीचं शिवणाचं दुकान. आबांनी चढाचं गाणं मोठ्या जोशाचं रचलं होतं, कोरसला पूर्ण ध्रुपद म्हणायचं. ह्यांतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मावशींनी पहिल्याच टेकनंतर सांगितलं की हे खोटं आहे. त्यांचं म्हणणं, चढावर मागच्या बाया पूर्ण ओळ म्हणत नाहीत, दम पुरत नाही. पुढचे गडी म्हणतात, बाया नुसतं शेवटचं नाव घेतात आणि श्वास टाकतात. “तुमी पुढं असता आबा, मागं बघितलंय कदी?” आबा गप्प. मग तसंच केलं: ओळ पुरुषांची, शेवटचा शब्द बायांचा, आणि मधल्या जागेत श्वास. श्वास ऐकू यावा म्हणून जिन्यातला माइक त्यांच्या जवळ नेला. अख्ख्या अल्बममध्ये हे गाणं मला पहिल्या नंबरचं वाटतं, आणि ते मावशींमुळे झालं. आबांना अजून राक्षसभुवनचं अधिक आवडतं. असो.

बायकांचं हे ज्ञान नवं नाही. गी पोइत्व्हँ आणि हेमा राईरकर ह्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल ह्यांनी त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. माजलगावच्याही त्यात आहेत. पंढरीच्या वाटेवरच्या ओव्यांचा भाग त्यात मोठा आहे. अनेकींच्या ओव्यांत ही वाट घरात, जात्यापाशी बसून चाललेली आहे. मला त्या ओव्या ऐकताना एक गोष्ट रेकॉर्डिस्ट म्हणून फार सुखावते: जातं नसलं तरी गळ्यात जात्याची फेरी राहते. हात थांबले तरी लय फिरत राहते. पायांबद्दल आबा जे सांगत होते ते हेच असणार.

कुर्डूजवळच्या गाण्यात आगगाडी आहे. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १८९७ पासून बार्शी-कुर्डुवाडी धावायची, १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि कित्येक वारकरी तिनं वारीला जायचे. आबांच्या आज्यानं तिच्यातून वारी केली होती, आणि चालत गेलेल्यांनी त्याला पुढची कित्येक वर्षं चिडवलं होतं. त्या गाण्यात आम्ही पायांची लय सोडून चक्क एकसारखा ठोका घेतला. आज्याची थट्टा ठोक्यातच आली, शब्दांत वेगळी करावी लागली नाही.

आणि शेवटचं गाणं. अल्बम पंढरपूरला संपणार हे उघड होतं. तसा तो संपतच होता. पण वाळूजला, बजाजनगरच्या अगदी शेजारी, हमरस्त्याला लागून पंढरपूर नावाचंच गाव आहे आणि तिथं विठ्ठल-रुक्मिणीचं मंदिर. लोक त्याला छोटे पंढरपूर म्हणतात. आषाढीला शहरातून, वाळूजमधून, आसपासच्या खेड्यांतून रात्रीपासून दिंड्या तिकडे चालू लागतात. संभाजीनगर-अहिल्यानगर रस्त्याची वाहतूक वळवावी लागते. ज्यांना रजा मिळत नाही त्यांची वारी इथं होते. नाईट संपवून, कंपनीच्या बुटांनिशी, डबा हातात घेऊन रांगेत लागलेली माणसं मी दरवर्षी पाहतो. आबांनी नोकरीतली पहिली काही वर्षं हीच वारी केली होती. पैठणची वाट त्यांना नंतर मिळाली.

त्यांनी शेवटचं गाणं ह्या वाटेवर रचलं. अडीचशे किलोमीटरच्या गाण्यांनंतर ओअॅसिस चौकापासून पुढची थोडकी वाट. मी विरोध केला. म्हटलं, चंद्रभागेनंतर एमआयडीसी म्हणजे उतार होईल. ते म्हणाले, उतार कसला, ज्यांना जाता आलं न्हाई ते कुठं जातील? गाण्यात पंच करायची वेळ, सुपरवायझरची नजर, बुटातला पाय सगळं आहे. देव शेवटच्या कडव्यात येतो, तोही गर्दीत लांबून दिसतो. ह्या एका गाण्यासाठी आम्ही प्रेस थांबायची वाट पाहिली नाही. पखवाज नव्हताच, आबा चिपळ्यांवर एकटे गायले, आणि जमिनीतून येणारा पत्र्याचा ठोका फिल्टर न लावता खाली राहू दिला. मोठ्या स्पीकरवर ऐकलं तर कळतं, मोबाइलवर ऐकलं तर नाही.

ते गाणं मी वडिलांच्या वयाच्या एका शेजाऱ्याला ऐकवलं, कंपनीतून निवृत्त झालेला. त्यानं एवढंच विचारलं की ही कुठल्या कंपनीची प्रेस आहे. ठोक्यावरून त्याला टनेज सांगता येत होतं.

यूट्यूबवर चढवल्यावर जे झालं तेही कामाचाच भाग म्हणून सांगतो. नाथांच्या भारुडावर आठवड्याच्या आत कॉपीराइटचा दावा आला. नाथ समाधिस्थ झाले १५९९ मध्ये. आपला १९५७ चा कायदा लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क देतो, तेव्हा नाथांच्या शब्दांवर कुणाचा हक्क असायचा प्रश्न नाही. पण एखाद्या कंपनीनं ते भारूड कुणाकडून गाऊन घेतलेलं असेल तर त्या ध्वनिमुद्रणावर तिचा हक्क असतो, आणि यंत्र दोन ध्वनिमुद्रणं जुळवून पाहतं. परंपरेनं सगळे एकाच चालीत म्हणणार, मग जुळणार नाही तर काय? अर्ज केला, आमचं गाणं वेगळं असल्याचं लिहिलं, दावा मागे घेतला गेला. ह्या उठाठेवीत आबांनी एकदाच रस घेतला. “नाथांनी लिवलंय म्हणून त्यांना कळव,” म्हणाले. मी तेही अर्जात लिहिलं होतं, जरा कायदेशीर भाषेत.

अल्बम सबंध एकाच फाइलमध्ये चढवला, पाऊण तासाचा. मी तुकडेही वेगळे टाकले, आबांची नाराजी पत्करून. आकडे सांगण्यासारखे नाहीत. तुकड्यांत पाटोद्याचं गाणं सगळ्यात जास्त ऐकलं गेलं, कारण पाटोद्याच्या लोकांनी ते आपल्या गावाचं म्हणून फिरवलं. सबंध फाइल ऐकणारे थोडे आहेत. त्यांच्यात रात्रीचे ट्रकवाले आहेत असं आबांना त्यांच्या भाच्यानं सांगितलं. पेनड्राइव्ह भरून आबांनी दिंडीच्या ट्रकमध्ये दिला होता. मुक्कामावर स्वयंपाक चालू असताना तो वाजतो, दिंडी चालू लागली की बंद करतात. चालणाऱ्यांना रेकॉर्ड लागत नाही, ते स्वतःच म्हणतात. ह्याचं मला आधी वाईट वाटलं आणि मग कळलं की हा अल्बम त्यांच्यासाठी नव्हताच. तो मागे राहिलेल्यांसाठी होता.

सध्या आमचा वाद परतीच्या वाटेवर चालू आहे. जायची गाणी सगळ्यांकडे आहेत, येतानाची फारशी नाहीत. बहुतेक माणसं एसटीनं परत येतात, दिवसभरात. मी आबांना म्हणतो, त्याचं एक गाणं करा, अल्बम पुरा होईल. ते म्हणतात, “येताना समदे झोपलेले असतात रे, त्यात गाणं कशाचं?” मी म्हणतो, झोपेचंच करा. खिडकीला डोकं टेकलेलं, पायांना फोड, पिशवीत बुक्का आणि चुरमुऱ्याचा प्रसाद, दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट. अजून ते तयार नाहीत. मावशी तयार आहेत. त्यांनी दोन कडवी मला म्हणूनही दाखवली, आणि आबांना हे अजून सांगायचंय.